उजवा खांब

लाल बदाम घरात आले तेव्हाच मला कळलं होतं, काहीतरी बिघडणार.

आमच्याकडे, इटलीत, पदवी मिळाली की लाल साखरेचे बदाम वाटतात. लग्नाला पांढरे, पदवीला लाल. पाच-पाच बदाम जाळीच्या पुरचुंडीत घालायचे, वर फीत बांधायची, फितीवर नाव आणि तारीख छापायची. हे सगळं परीक्षा संपल्यावर करायचं असतं. माझी मम्मा तर अशी, की वाढदिवसाच्या शुभेच्छा कुणी आदल्या दिवशी दिल्या तर अपशकुन म्हणून लगेच गळ्यातलं संताचं पदक चाचपते. त्याच बाईनं मे महिन्यातच पुरचुंड्या बांधून कपाटात रचून ठेवल्या. फितीवर सोनेरी अक्षरांत: इंजिनिअर ओर्नेला, बावीस जुलै.

"मम्मा, बलशास्त्र राहिलंय अजून."

"एकच तर राहिलंय."

"ते एकच चारदा राहिलंय!"

"म्हणूनच तर म्हणते. पाचव्यांदा तो तरी कसा नापास करेल? त्यालाही तुझा कंटाळा आला असेल."

"पण आधी छापायची काय गरज होती?"

"रीनामावशीला तुरीनहून यायचं, तिला तिकिटं काढायची होती. तिला तारीख सांगावी लागली. तारीख सांगितली म्हटल्यावर फीत छापली. फीत छापली म्हटल्यावर बदाम आणले. आता माझ्यावर ओरडू नकोस, अभ्यास कर."

मी नापोलीला, कॉलेजात, परतले आणि त्या कपाटाचा विचार करत अभ्यास केला, म्हणजे काय झाला असेल तो सांगायला नको.

बलशास्त्र म्हणजे बांधकामाला कुठे किती ताण बसतो, तुळई कुठे वाकते, खांब कुठे तुटतो, याचा विषय. विषय चांगला आहे. मला आवडतो, हे मी पाच वेळा बसूनही म्हणते. वाईट आहे तो लोफ्रेदो. प्रोफेसर लोफ्रेदो. त्याला अहो-जाहो मी परीक्षेपुरतं करते, इथे करणार नाही.

पहिल्या वेळी त्यानं मला लेखी परीक्षेतच उडवलं. ते माझं चुकलं होतं, मान्य. दुसऱ्या वेळी तोंडीत म्हणाला, "बाळ, तुझा हात थरथरतोय. थरथरणाऱ्या हातानं घर बांधशील तर लोक मरतील." तिसऱ्या वेळी माझं अर्धं उत्तर ऐकलं आणि जेवायला गेला. परत आला तेव्हा उरलेलं अर्धं त्याला नको होतं. चौथ्या वेळी विचारलं, "घरी कुणी इंजिनिअर आहे का?" मी नाही म्हटलं. म्हणाला, "दिसतंय." मागे बसलेली मुलं हसली. ते हसू मला आंघोळ करतानासुद्धा ऐकू यायचं.

मुलांना तो 'इंजिनिअर' म्हणून हाक मारतो, पास व्हायच्या आधीच. "या इंजिनिअर, बसा." आम्हा मुलींना 'बाळ'. मी चोवीस वर्षांची आहे.

वर्षभर माझे केस गळत होते. खोलीवरच्या मुली न्हाणीघराची जाळी साफ करून करून वैतागल्या होत्या. गावी गेलं की बेकरीवाली विचारायची, "अजून शिकतेच आहेस?" पाद्री विचारायचे, "किती राहिले?" सगळ्यांना आकडाच हवा असायचा. एक म्हटलं की त्यांचा चेहरा उजळायचा आणि माझ्या डोक्यात तिडीक जायची, कारण मागच्या वर्षीही एकच म्हटलं होतं.

आणि मला नुसतं पास व्हायचं नव्हतं. आमच्या गावाखालचा पूल मी शाळेत असल्यापासून दुरुस्तीसाठी बंद आहे. दुरुस्ती करताना कुणी दिसत नाही, नुसता बंद आहे. बस दरीला वळसा घालून जाते, आजारी माणसं दरीला वळसा घालून जातात, मीही तशीच शाळेला गेले. मला पूल बांधायचे होते. पुलांच्या पुढच्या अभ्यासक्रमाला बलशास्त्रात तिसापैकी किमान चोवीस लागतात. त्याखाली एक जरी असला तरी ते दारात उभं करत नाहीत.

तर जूनमधली तोंडी परीक्षा. सकाळी नऊची वेळ, म्हणजे साडेअकरा. आम्ही कॉलेजसमोरच्या बारमध्ये कॉफी पीत उभ्या होतो, मी आणि साबीना. साबीना माझ्या खोलीवर राहते, माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तिची ही पहिलीच खेप. तिला पाण्याची कामं करायची आहेत, धरणं, कालवे. तिला तिथे चोवीसची अट नाही, तिला कसलीच अट नाही, आणि तरी ती माझ्याहून जास्त वाचते. जेरार्दोही होता, आमच्याच वर्गातला, शर्टाला इस्त्री करून आलेला.

"लांडग्याच्या तोंडात जा!" बारवाला म्हणाला. परीक्षेला जाणाऱ्याला आमच्याकडे असंच म्हणतात. शुभेच्छा दिल्या तर वाटोळं होतं.

"मरो तो लांडगा," आम्ही तिघं म्हणालो.

"त्यानं पुन्हा काही केलं ना," साबीना मला म्हणाली, "तर मी उठून बोलणार. बघच तू."

"मीही," जेरार्दो म्हणाला. "परीक्षा उघड असते. आपण साक्षीदार आहोत."

"नक्की?"

"अगं आईशप्पथ!" साबीनानं कप आपटला. "किती दिवस खाली मान घालून ऐकायचं?"

मला बरं वाटलं. खरंच सांगते, बरं वाटलं. गेल्या चार वेळांत असं कुणी म्हटलं नव्हतं.

आमच्या तोंडी परीक्षा उघड्या दारानं होतात. कुणीही यावं, मागच्या बाकांवर बसावं, ऐकावं. बंद दाराआड कुणावर अन्याय होऊ नये म्हणून तसा नियमच आहे. पण मागे बसणारे न्याय बघायला येत नाहीत, प्रश्न उतरवून घ्यायला येतात. लोफ्रेदो तेच ते प्रश्न फिरवून विचारतो, त्यामुळे सगळ्यांच्या माना खाली आणि पेनं चालू.

माझं नाव तिसरं होतं. हॉलमध्ये हवा नव्हती. लोफ्रेदो फळ्याला पाठ करून खुर्चीत तिरका बसला होता, टेबलावर फोन. शेजारी त्याची असिस्टंट, पेत्रोनेबाई. शिकवायचं सगळं त्याच शिकवतात, पेपर त्याच तपासतात, आणि परीक्षेच्या दिवशी त्याच्या बाजूला बसून पाण्याची बाटली पुढेमागे सरकवतात.

"अरे वा, बाळ. पुन्हा तू. मला वाटलं, तू लग्नबिग्न करून मोकळी झालीस."

कुणीतरी हसलं. मी खडू उचलला.

"साधंच देतो तुला. एक चौकट काढ. दोन खांब, वर तुळई. डाव्या खांबाचा पाय बिजागरीवर, उजव्याचा रोलरवर. डाव्या कोपऱ्यात वरती आडवा धक्का. कोणता भाग किती वाकतो त्याची आकृती दे."

हे सगळं त्यानं स्वतः सांगितलं. उजवा खांब रोलरवर, म्हणजे चाकांवर, हेही त्यानंच. मग त्याचा फोन वाजला आणि तो खिडकीकडे गेला. कुणाशी तरी बोटीच्या इंजिनाबद्दल बोलत होता. आवाज अख्ख्या हॉलला ऐकू येत होता.

मी शांतपणे काढलं. हात थरथरला नाही. डावा खांब वाकतो, तुळई वाकते, आणि उजवा खांब अजिबात वाकत नाही. तो चाकांवर उभा आहे, त्याचा पाय आडवा धरून ठेवणारं कुणी नाही, मग तो वाकेल कशाला? उजवा खांब मी कोरा सोडला. मुद्दाम, शेजारी मोठं शून्य काढून. पेत्रोनेबाई बघत होत्या. त्यांनी किंचित मान डोलावली. मी पाहिलं, नक्की पाहिलं.

लोफ्रेदो आला, खुर्चीत बसला, खांद्यावरून एकदा फळ्याकडे बघितलं.

"उजवा खांब?"

"शून्य, सर."

"शून्य. म्हणजे विसरलीस."

"नाही सर. तिथे रोलर आहे. आडवी प्रतिक्रिया नाही, म्हणून..."

"बाळ, डावा खांब वाकतो, तुळई वाकते, आणि उजवा खांब काय सुट्टीवर गेलाय?" हॉल हसला. तो मागे वळलाच नाही, हॉलकडेच बघत होता. "दोन्ही पाय बिजागरीवर असले की धक्का दोघांत वाटला जातो. पहिल्या वर्षाचं आहे हे."

"दोन्ही पाय बिजागरीवर नाहीत, सर. तुम्हीच रोलर सांगितलात."

"मी काय सांगितलं ते तू मला सांगणार?"

मी पेत्रोनेबाईंकडे बघितलं. त्यांनी बाटलीचं झाकण फिरवलं. मी मागे वळून हॉलकडे बघितलं. चाळीसेक माणसं असतील. सगळ्यांनी ऐकलं होतं, निम्म्यांनी तर लिहून घेतलं होतं, 'उजवीकडे रोलर' असं त्यांच्याच अक्षरात त्यांच्या मांडीवर होतं.

"यांना विचारा, सर. यांनी ऐकलंय."

"विचारू या की." तो खुशीत आला. "काय हो इंजिनिअर मंडळी? मी काय सांगितलं होतं?"

जेरार्दोनं पेनाचं टोक तपासायला घेतलं. साबीना दुसऱ्या बाकावर बसली होती, माझ्याकडे बघत, तोंड अर्धवट उघडं. मी वाट बघितली. तिनं तोंड मिटलं आणि खाली बघितलं. सगळे मूग गिळून बसले. सगळ्यांचे नंबर माझ्या मागून होते ना.

"हं. तर बाळ, पाचवी खेप आहे म्हणून दया करतो. अठरा. घेतेस?"

अठरा म्हणजे काठावर. आमच्याकडे गुण तिथल्या तिथे सांगतात आणि घेतेस का म्हणून विचारतात. नको असतील तर नको म्हणायचं आणि पुढच्या खेपेला परत यायचं. पुढची खेप सप्टेंबरमध्ये. घेतले तर बावीस जुलै, रीनामावशी, बदाम, आणि पूल कायमचे बंद. नको म्हटलं तर सप्टेंबर, आणि समोर पुन्हा हाच माणूस.

"मी विचार करते, सर."

"कर, कर. मी उठायच्या आत सांग. पुढचा!"

पुढच्या मुलानं माझा फळा वर ढकलला. आमच्या हॉलचे फळे वरखाली सरकतात, एक वर गेला की दुसरा खाली येतो. माझी चौकट छताजवळ जाऊन थांबली आणि तो खालच्या फळ्यावर लिहायला लागला.

मी बाहेर आले. तळपायाची आग मस्तकात गेली होती. थोड्या वेळानं एकेक जण व्हरांड्यात यायला लागला आणि खरा तमाशा तेव्हा सुरू झाला.

"तुझं बरोबर होतं," एक जण म्हणाला.

"शंभर टक्के बरोबर होतं," दुसरा म्हणाला.

"रोलरच म्हणाला होता तो, मी लिहिलंय इथे," जेरार्दो वही दाखवत म्हणाला. "बघ. रोलर. काय माणूस आहे! आणि ऐक ना, धक्का वरच्या कोपऱ्यातच होता ना? की मध्ये? ते मला नीट ऐकू आलं नाही."

त्याला खरंच तेवढंच हवं होतं.

"वरच्या कोपऱ्यात," मी म्हटलं. "घे लिहून. आणि शर्टाची इस्त्री सांभाळ, मोडेल."

"अगं, पण मी बोललो असतो तर माझी परीक्षा..."

"माहितीये. चालता हो."

मग साबीना आली. तिला मी काय काय बोलले ते सगळं इथे लिहीत नाही. भित्री मांजर म्हटलं, खोटारडी म्हटलं, तुझ्या धरणाला भेग पडो म्हटलं. कप आपटायला हिंमत लागत नाही म्हटलं. ती भिंतीला टेकून ऐकत होती, डोळ्यांत पाणी, पण पुसत नव्हती.

"माझी जीभच उचलली नाही गं," ती म्हणाली. "मी उठणार होते. पायच उठेनात."

"आता नंबर येईल तेव्हा उठतील बघ."

"ओर्ने..."

"मला ओर्ने म्हणू नकोस."

आतून तिचं नाव पुकारलं. ती गेली. मी जाणार नव्हते. पण जेरार्दो व्हरांड्यात उभा राहून पुटपुटत पाठ करत होता, 'वरचा कोपरा, उजवीकडे रोलर', ते मला ऐकवेना, म्हणून आत जाऊन मागच्या बाकावर बसले.

लोफ्रेदोला तोपर्यंत कॉफी मिळाली होती. मूड बरा होता. फोन उलटा ठेवला होता.

"पहिलीच खेप का? छान. चौकट काढ. डाव्या पायाला बिजागरी, उजव्याला रोलर, डाव्या कोपऱ्यात आडवा धक्का."

तीच. पुन्हा तीच. हॉलमधली पेनं थांबली, कारण हे सगळ्यांनी आधीच लिहून घेतलेलं होतं. साबीनाचा खडू एकदा मोडला. तिनं दुसरा घेतला. डावा खांब, तुळई. उजव्या खांबाशी तिचा हात थांबला. मला वाटलं, ही आता त्याला हवं ते काढणार. काढ, मी मनात म्हटलं, काढ आणि सूट. तिनं उजवा खांब कोरा सोडला आणि बाजूला शून्य काढलं.

लोफ्रेदो या वेळी वळून बसला. नीट बघितलं.

"उजवीकडे शून्य. का?"

"तिथे रोलर आहे, सर. आडवं धरणारं काही नाही."

"बरोबर!" त्यानं टेबलावर थाप मारली. "बघितलंत? हे असं बघायचं. आधी पाय कुठे टेकलाय ते बघायचं. बाकी लोक आंधळेपणानं रेघा ओढतात. सुंदर. अजून एक छोटा प्रश्न विचारतो, पण अठ्ठावीस धरून चाल."

मी उभी राहिले. मी ठरवून उभी राहिले नाही, उभी असल्याचं मला मागाहून कळलं.

"सर, वर बघा."

"काय?"

"वर. तिच्या डोक्यावरचा फळा."

तो वळला. सगळा हॉल वर बघत होता. छताजवळ माझी चौकट होती, माझ्या अक्षरात, माझं शून्य तिच्या शून्याच्या दुप्पट मोठं. मधल्या कुणीच तो फळा खाली ओढला नव्हता. सकाळपासून ते तिथेच होतं, फक्त तो फळ्याला पाठ करून बसतो.

त्यानं दोन्ही चौकटी बघितल्या. मान लाल झाली. पेत्रोनेबाईंच्या हातातली बाटली एकदाची थांबली.

"अच्छा," तो म्हणाला, आणि आवाज एकदम मऊ झाला. मऊ झाला की तो सगळ्यात वाईट असतो. "म्हणजे ही वरून उतरवत होती. मी उगाच कौतुक केलं. बाळ, तुझ्या मैत्रिणीनं तुझी चांगलीच सोय केली की."

मी तिच्यासाठी उभी राहिलेच नव्हते, माझ्यासाठी राहिले होते, आणि आता तिची पहिलीच खेप माझ्यामुळे बुडत होती. साबीना फळ्याशी उभी होती, बोटं खडूनं पांढरी. तिनं वर बघितलं, माझ्या चौकटीकडे. मग लोफ्रेदोकडे.

"सर, ती चौकट चूक आहे ना?"

"काय?"

"सकाळी तुम्ही म्हणालात, चूक आहे. मी इथेच, दुसऱ्या बाकावर होते." तिनं खडू खाली ठेवला. "मी चुकीची चौकट उतरवली असेल तर माझीही चूक. मग मला अठ्ठावीस कसे? आणि माझी बरोबर असेल तर तिचीही बरोबर. तुम्ही रोलरच म्हणाला होतात. मी ऐकलंय. सकाळी बोलायला हवं होतं, बोलले नाही."

"बाळ, जपून..."

"दोघींचं सारखं आहे, सर. सारखेच गुण द्या. अठरा द्या नाहीतर अठ्ठावीस द्या, पण सारखे द्या."

लोफ्रेदोनं कॉफीचा रिकामा कप उचलला, आत बघितलं, ठेवला. मला क्षणभर वाटलं, हा म्हणेल, माझं बघायचं राहून गेलं. इतकंच म्हणायचं होतं. फोनवर होतो, बघायचं राहिलं. मी त्याला तिथल्या तिथे माफ केलं असतं, मूर्ख आहे मी.

तो हसला. "न्याय हवाय? ठीक आहे. सारखे. दोघींना अठरा." आणि हॉलकडे बघितलं, हसण्याची वाट बघत.

या वेळी कुणी हसलं नाही.

"घेतेस?" त्यानं साबीनाला विचारलं.

"नाही."

"पहिल्याच खेपेला? सप्टेंबरमध्ये मीच असेन, बाळ."

"माहितीये, सर. नको."

मग त्यानं माझ्याकडे बोट केलं. "आणि तू? तुला घाई आहे ना?"

मला कपाट दिसलं, रचलेल्या पुरचुंड्या दिसल्या, रीनामावशी नवा ड्रेस घेऊन गाडीतून उतरताना दिसली. रडू येत होतं, पण ते रागाचं होतं.

"नको," मी म्हटलं. "सप्टेंबरमध्ये येते. आणि सर, मी बाळ नाही."

आम्ही बाहेर आलो. व्हरांड्यात येताच मी तिचे खांदे धरले आणि गदागदा हलवले.

"अगं गाढवे! अठ्ठावीस होते! अठ्ठावीस! घ्यायचे आणि निघायचं ना!"

"गप्प बस गं," ती म्हणाली आणि जिन्याच्या पायरीवर बसली. पाय लटलट कापत होते तिचे. "सकाळी उठले नाहीत, आता बघ कसे नाचतायत."

मी तिच्या शेजारी बसले आणि घरी फोन लावला. लगेच लावला, नाहीतर धीर गेला असता.

"मम्मा, फिती काढ."

"पुन्हा नापास?"

"नाही. अठरा देत होता. मी नको म्हटलं."

मग पुढचा बराच वेळ मी फोन कानापासून लांब धरला. वेड लागलंय, रीनाला काय सांगू, तिकिटं, पाद्री, बेकरीवाली, आणि तुझे वडील जेवायला येतील तेव्हा मी त्यांच्यापुढे काय वाढू, सगळं झालं. साबीनालाही सगळं ऐकू येत होतं. शेवटी मम्मा थांबली. नाक ओढल्याचा आवाज आला.

"उत्तर बरोबर होतं का तुझं?"

"हो."

"मग सांगितलंस का मेल्याला तसं?"

"सांगितलं."

"मोठ्यानं?"

"मोठ्यानं, मम्मा. सगळ्यांसमोर."

"मग काढते फिती," ती म्हणाली. "बदाम टिकतात सप्टेंबरपर्यंत. पण या वेळी तारीख छापणार नाही." आणि फोन आपटला.

फोन खिशात घालत होते तेवढ्यात हॉलचं दार उघडलं. पेत्रोनेबाई बाहेर आल्या, एकदा मागे बघितलं आणि आमच्याजवळ वाकल्या.

"तुमचं बरोबर होतं," त्या कुजबुजल्या. "दोघींचं. मी पहिल्यापासून बघत होते. अगदी बरोबर होतं. वाईट वाटून घेऊ नका."

त्यांचा चेहरा खरंच दुखावलेला होता. मला त्यांची दया यायला हवी होती. नाही आली. सकाळपासूनचा सगळा राग वर आला, जेरार्दोचा, त्या चाळीस जणांचा, त्या बाटलीचा.

"हे मला कशाला सांगताय, मॅडम? मला माहितीये. आत जाऊन सांगा. मोठ्यानं."

त्या सरळ उभ्या राहिल्या. मग त्या वळल्या, आत गेल्या आणि जाताना त्यांनी हॉलचं दार मागे ओढून घेतलं. कडी लागल्याचा आवाज आला.

साबीनानं माझ्याकडे बघितलं. "दार लावलं."

"लावलं."

"परीक्षा चालू असताना दार लावता येत नाही ना?"

"नाही येत."

ती उठली. मी दारावर तीन थापा मारल्या, चांगल्या जोरात. आतून कुणीतरी कडी काढली. आम्ही दार पार भिंतीपर्यंत उघडलं, त्याला कुणाची तरी बॅग लावली, आणि आत जाऊन सगळ्यात पुढच्या बाकावर बसलो, लोफ्रेदोच्या अगदी समोर. तिथे सहसा कुणी बसत नाही. दोन्ही फळे तसेच होते, एक वर, एक खाली, दोघांवर उजवा खांब कोरा. पुसायला कुणी उठलं नव्हतं.

जेरार्दोचा नंबर होता. तो फळ्याशी उभा होता, खडू तयार ठेवून. लोफ्रेदोनं आमच्याकडे बघितलं, उघड्या दाराकडे बघितलं.

"या, इंजिनिअर," तो म्हणाला, आणि अडखळला. मग त्यानं भलतंच काहीतरी विचारलं, ओढल्यावर दांडा किती लांबतो त्याबद्दल.

आम्ही शेवटच्या नावापर्यंत बसलो. उरलेल्या दिवसात त्यानं ती चौकट कुणालाच विचारली नाही.